संत जोसाफट : एका चरित्राची परीक्षा

रोमन कॅथलिक संप्रदायाच्या संतस्मरणाच्या पंजिकेंत २७ नोव्हेंबर या दिवशीं बार्लाम व जोसाफट या दोन संतांचीं नांवें कित्येक शतकें नोंदलेलीं होतीं. जोसाफट हा हिंदुस्थानांतील एका राजाचा पुत्र. हा पुढें संसारत्याग करील असें भविष्य ऐकून पित्यानें त्यास एकांत प्रासादांत वाढविलें. तथापि रोगी, अंध व जराजर्जर मनुष्य दृष्टीस पडून त्यास वैराग्य झालें, अशी कथा आहे. ज्यांनीं ‘ललितविस्तर’ वाचला आहे त्यांस हा राजपुत्र कोण हें निराळें सांगणें नको. इ. स. १८५९ त लाबूले या फ्रेंच पंडितानें हें ऐक्य प्रसिद्ध केलें व १८६० त लीब्रेख्ट या जर्मन पंडितानें तें सविस्तर सिद्ध केलें.

नामाची परंपरा मननीय आहे. ‘बोधिसत्त्व’ याचें अरबींत ‘बूदासफ’ झालें. त्या लिपींत शब्दारंभींच्या ‘ब’ व ‘य’ यांत केवळ एका नुक्त्याचें अंतर. तो अधिक पडून ‘यूदासफ’ झालें. पुढें जॉर्जियन भाषेंत ‘योदासफ’, ग्रीकांत ‘योआसफ’ व लॅटिनांत ‘जोसाफट’. एका ठिपक्यानें शाक्यपुत्राची ओळख बुजली !

एवढ्यावरून हें चरित्र बनावट म्हणून टाकून देणें आम्हांस उतावळेपणाचें वाटतें. जोसाफट नांवाची व्यक्ति इतिहासास ठाऊक नाहीं, हें खरें. परंतु ज्या ज्या धर्माच्या हातीं कथा गेली त्यानें तीस आपलें रूप दिलें. गौतमास स्वतःच्या तपानें बोध झाला. जोसाफटास मात्र रत्नव्यापाऱ्याच्या वेषानें आलेला बार्लाम हा गुरु लागतो. हा भेदच त्या त्या धर्माच्या अभ्यासकास मोलाचा आहे.

शिवाय, इ. स. १८८९ त रेंडेल हॅरिस यांस सिनाई येथील मठांत ॲरिस्टायडीझ या दुसऱ्या शतकांतील ख्रिस्ती लेखकाच्या लुप्त ग्रंथाचें सिरियन भाषांतर सांपडलें. तेव्हां आर्मिटेज रॉबिन्सन यांनीं ओळखलें कीं, त्याचा ग्रीक पाठ याच जोसाफटचरित्रांतील एका भाषणांत दडलेला आहे. चरित्र टाकून दिलें असतें तर तोही गेला असता.

आमच्या प्रांतांतील एक साक्षही येथें नमूद केली पाहिजे. गोव्याच्या पोर्तुगीज दप्तराचा रक्षक दियोगो दो कोतो यानें १६१२ त छापलेल्या आपल्या पांचव्या ‘दशका’त लिहिलें आहे कीं, वसईकडील साष्टींत कान्हेरीचीं लेणीं पाहतांना एका वृद्धानें तीं जोसाफटाच्या पित्यानें पुत्रास एकांतांत वाढविण्याकरितां कोरविलीं असें सांगितलें, आणि हा जोसाफट म्हणजे बुद्धच असावा, असा तर्कही त्यानें केला आहे. म्हणजे लाबूलेच्या पूर्वीं सुमारें अडीचशें वर्षें ! लेण्यांच्या इतिहासास वृद्धाचें विधान निरुपयोगी आहे. परंतु परदेशीं गेलेली कथा निराळें नांव धारण करून कोंकणांत परत आली होती, याचा तो पुरावा होय.

आपल्या बखरी व माहात्म्यें यांतील विचित्र नांवें नकल करितांना ‘शुद्ध’ करण्याचा मोह अनेकांस होतो. तसें न करितां मूळ पाठ जसाचा तसा उतरून घ्यावा व सुधारणा समासांत निराळी दाखवावी. पुसलेल्या पाठाचा माग पुढील संशोधकास लागत नाहीं.