फेराइटमधील आयन-वितरण : अनुमान आणि पुरावा

प्रस्तावना :
संक्रमण धातूंच्या संयुगांत स्फटिकरचना व चुंबकीय गुणधर्म यांचा संबंध स्पिनेल फेराइटांत विशेष स्पष्टपणे दिसतो. त्यांच्या एकक कोशिकेत ऑक्सिजनचे ३२ आयन असतात. ६४ चतुष्फलकीय जागांपैकी ८ आणि ३२ अष्टफलकीय जागांपैकी १६ जागा धातूंच्या आयनांनी व्यापलेल्या असतात. या दोन उपजालकांचे चुंबकीय आघूर्ण परस्परविरुद्ध असतात, हा सिद्धांत लुई नेल यांनी १९४८ मध्ये मांडला. शल, वोलन व स्ट्रॉसर यांनी १९५१ मध्ये न्यूट्रॉन विवर्तनाच्या साहाय्याने मॅग्नेटाइटमध्ये त्याची प्रचिती दिली.

चिकित्सा :
सोल-जेल पद्धतीने फेराइट तयार करणे, क्ष-किरण विवर्तनाने प्रावस्था निश्चित करणे व चुंबकन मोजणे ही संशोधनाची वाट आता रुळलेली आहे. तिथवर आक्षेपार्ह काही नाही. मात्र केवळ त्याच विवर्तनावरून कोणता आयन कोणत्या जागी आहे हे ठामपणे सांगितले जाते, तेव्हा प्रश्न उद्भवतो. क्ष-किरणांचे प्रकीर्णन इलेक्ट्रॉनांमुळे होते. लोह (२६), कोबाल्ट (२७) व निकेल (२८) यांच्या अणुक्रमांकांतील अंतर अत्यल्प असल्याने त्यांना वेगळे ओळखणे दुरापास्त ठरते. मॅग्नेशियम (१२) व लोह यांच्याबाबत ही अडचण फारशी येत नाही, हेही नमूद करणे न्याय्य ठरेल.

याउलट आघूर्णावरील परिणाम मोठा असतो. पूर्णतः व्यस्त निकेल फेराइटसाठी नेल यांच्या प्रतिमानानुसार आघूर्ण २ बोर मॅग्नेटॉन येते. निकेलचे केवळ १० टक्के आयन चतुष्फलकीय जागी गेल्यास ते २.६ होते. म्हणून मोजलेल्या आघूर्णाशी जुळेल असे वितरण निवडण्याचा मोह होतो. परंतु आघूर्णावरून वितरण ठरवावयाचे आणि त्याच वितरणाने आघूर्णाचे स्पष्टीकरण द्यावयाचे, हा न्यायशास्त्रात सांगितलेला अन्योन्याश्रय दोष होय. शिवाय अतिसूक्ष्म कणांत पृष्ठभागावरील आघूर्ण तिरपे झाल्यानेही चुंबकन घटते. अज्ञात राशी दोन आणि मापन एक, अशा स्थितीत उत्तर एकमेव असू शकत नाही.

उपाय उपलब्ध आहेत. बाह्य चुंबकीय क्षेत्रात घेतलेल्या मॉसबाउर वर्णपटाने दोन्ही जागांवरील लोह वेगळे दाखविता येते. न्यूट्रॉनसाठी लोहाची प्रकीर्णन-लांबी ९.४५, तर कोबाल्टची २.४९ फेम्टोमीटर आहे. त्यामुळे कोबाल्ट फेराइटमधील वितरण त्याद्वारे थेट तपासता येते. तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीवरील न्यूट्रॉन विवर्तनाची सुविधा विद्यापीठीय संशोधकांना आंतरविद्यापीठीय सहकार्यातून मिळू शकते.

निष्कर्ष :
प्रत्येक महाविद्यालयास अशी साधने लाभणे शक्य नाही, आणि ती नसणे हा दोषही नव्हे. परंतु तेव्हा वितरणास ‘गृहीत’ म्हणावे, ‘निष्पन्न’ म्हणू नये, आणि अन्य कोणती वितरणे त्याच मापनाशी जुळतात तेही द्यावे. मार्गदर्शक व परीक्षक यांनी एवढा आग्रह धरला, तरी शोधनिबंधातील कोष्टक विद्यार्थ्यास अनुमान आणि पुरावा यांतील भेद शिकवील.