अर्धवट उत्तराची शिस्त

आपल्या संगणकाने दूरच्या संगणकाला एखादे काम सांगायचे आणि उत्तराची वाट पाहायची, या पद्धतीला ‘रिमोट प्रोसीजर कॉल’ म्हणतात. बिरेल आणि नेल्सन यांचा तिच्या रचनेवरील शोधनिबंध १९८४ साली प्रसिद्ध झाला. दूरचे काम जवळच्या कामाइतकेच सोपे वाटावे, हा त्यांचा हेतू होता. एका मागणीला एकच आणि तेही संपूर्ण उत्तर, हे त्यात गृहीत होते. उत्तर मोठे आणि जोडणी कच्ची असली की हे गृहीतक अडचणीचे ठरते.

भातसा नदीकाठच्या सापगावातील एखाद्या शाळेने भातसा धरणाच्या पाणीपातळीच्या जानेवारीपासूनच्या ३६५ दैनिक नोंदी मागितल्या, असे समजू. जुन्या पद्धतीत शेवटची नोंद हाती येईपर्यंत पडदा कोराच राहील. गूगलने २०१५ साली खुल्या केलेल्या ‘जीआरपीसी’ या प्रणालीत मात्र दूरचा संगणक एकेक नोंद तयार होताच पाठवू शकतो. विद्यार्थी जानेवारीचे बिंदू मांडतो आहे तोवर फेब्रुवारी येऊन पोहोचतो. घेणारा मागे पडला तर देणाऱ्यालाही थांबवता येते. प्रणालीचे कौतुक सहसा येथेच संपते.

खरी कसोटी पुढेच आहे. २०० नोंदींनंतर संपर्क तुटला तर? शेवटची नोंद १९ जुलैची असेल. आलेख नीटनेटका दिसेल, पण ऑगस्ट-सप्टेंबर त्यात नसतील. आणि ‘त्या वर्षी धरण भरलेच नाही’ असा निष्कर्ष वहीत उतरेल!

या धोक्याचा विचार जीआरपीसीत केलेला आहे. प्रत्येक नोंदीच्या आधी ५ बाइट येतात. त्यांतील ४ बाइट नोंदीची लांबी सांगतात. त्यामुळे अर्धी नोंद पूर्ण समजली जात नाही. सर्व नोंदींनंतर निकालाचा आकडा येतो. ० म्हणजे सारे ठीक. साध्या वेब-व्यवहारात ‘२००’ हा यशाचा आकडा आरंभीच पाठवला जातो. मध्येच काही बिघडले तर तो मागे घेता येत नाही. निकाल शेवटी सांगणे, हा या रचनेचा सर्वांत मोलाचा भाग होय.

उणीव वेगळीच आहे. ‘२०१ व्या नोंदीपासून पुढे द्या’ असे सांगण्याची तयार सोय या प्रणालीत नाही. उत्तर येऊ लागल्यावर तुटलेली मागणी ती आपणहून पुन्हा करीतही नाही. ‘कोणत्या तारखेपासून?’ हा रकाना मागणीत ठेवण्याचे काम प्रोग्राम लिहिणाऱ्यावर पडते. पक्क्या जोडणीवर बसलेल्याला त्याची गरज भासत नाही; जोडणी वारंवार तुटते तेथे मात्र त्याच २०० नोंदी पुन्हापुन्हा मागवाव्या लागतात.

वर्गात हे संगणकाविनाही दाखवता येईल. नोंदींच्या चिठ्ठ्या एकेक करून द्याव्यात, मध्येच थांबावे आणि विचारावे: नोंदी संपल्या, की यायच्या राहिल्या? हे कशावरून ओळखाल?