हद्द सरकवताना

शीव या शब्दाचा अर्थच हद्द. एके काळी इंग्रजांची मुंबई येथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होई. साष्टी १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, पुढे मराठ्यांकडे आली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली. प्रत्येक वेळी बदलली ती दप्तरातील नोंद. जमीन तसूभरही हलली नाही. हार्ड डिस्कवरील विभागांची (पार्टिशनांची) हद्द सरकवणाऱ्या आज्ञावलींचे परीक्षण करताना आम्ही हीच कसोटी लावली आहे. नोंद कोणती आणि जमीन कोणती, हे आज्ञावली वापरणाऱ्याला समजू देते का?

हा फरक आम्ही महागात शिकलो. शीवमधील एका शाळेच्या संगणकावर ‘डी’ विभाग भरत आला होता. ‘सी’ लहान करून ‘डी’ची डावी हद्द मागे सरकवायला आम्ही घेतली. काम अर्ध्यावर असताना वीज गेली. दहावीच्या गुणांच्या फायली परत मिळाल्या नाहीत. कागदी नोंदवहीवरून त्या पुन्हा भरताना तीन संध्याकाळी गेल्या. असे का झाले?

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिल्याच सेक्टरमध्ये विभागांची सारणी असते. ५१२ बाइटांपैकी केवळ ६४ बाइट तिला मिळतात: चार ओळी, प्रत्येकी १६ बाइटांच्या. विभाग कुठे सुरू होतो व किती लांब आहे, हे मुख्यतः त्यात असते. आत कोणती फाइल कुठे आहे, याची वही विभागाच्या पोटात वेगळी असते आणि तिच्यातील पत्ते विभागाच्या आरंभापासून मोजलेले असतात. म्हणून उजवी हद्द आत घ्यायची तर शेवटाकडील फायली आधी आत आणाव्या लागतात, वही दुरुस्त करावी लागते आणि सारणी सर्वांत शेवटी बदलावी लागते. विभाग वाढवताना क्रम उलटा. डावी हद्द हलवली, तर आरंभच बदलतो. मग सगळा मजकूरच उचलून न्यावा लागतो. १०० गिगाबाइट मजकूर सेकंदाला ५० मेगाबाइट या वेगाने हलवला, तरी २००० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. आमची वीज नेमकी त्या अर्ध्या तासात गेली.

आता आज्ञावलींकडे वळू. डॉसबरोबर येणाऱ्या ‘एफडिस्क’ला हद्द सरकवता येत नसे, जुनी पुसून नवी आखावी लागे आणि आतील मजकुरावर पाणी सोडावे लागे. १९९० च्या दशकातील ‘फिप्स’ ही छोटी विनामूल्य आज्ञावली विभागाचे दोन भाग करी. फायली आधी पुढे गोळा करण्याचे काम ती वापरणाऱ्यावरच सोपवी आणि जुनी नोंद फ्लॉपीवर ठेवायची का, असे विचारी. दिसायला ती रूक्ष होती, पण शिकवण्याच्या दृष्टीने आम्ही तिला वरचे गुण देऊ. शिकणाऱ्याला दोन्ही पायऱ्या स्वतःच्या हाताने कराव्या लागत.

२००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही सोय विंडोजमध्येच आहे. ती सुरक्षित आहे, पण अबोल आहे. डिस्कवर ६० गिगाबाइट मोकळी दिसत असूनही विभाग तेवढा लहान होत नाही. न हलणाऱ्या फायली वाटेत आहेत, एवढे ती एका ओळीत सांगते. कोणती फाइल, हे मात्र वेगळ्या नोंदवहीत शोधावे लागते. मोकळी जागा विभागाच्या लगत उजवीकडे नसेल, तर ‘वाढवा’ हा पर्याय नुसता फिकट दिसतो. कारण कोणी विचारायचे?

२००४ पासून विकसित होत असलेली ‘जी-पार्टेड’ आम्हाला वर्गासाठी सर्वांत योग्य वाटते. ती विभागांची पट्टी काढून दाखवते, ठरवलेली कामे यादीत मांडून ठेवते आणि हुकूम मिळेपर्यंत डिस्कला हात लावत नाही. तोपर्यंत चूक मागे घेता येते. तिचा दोषही सांगितला पाहिजे. उजवी आणि डावी हद्द दोन्ही ती माउसने सारख्याच सहजतेने ओढू देते. डावी हलवल्यास संगणक सुरू न होण्याचा संभव असल्याचा इशारा ती देते. पण हे काम किती मोठे आहे, हे त्या सहजतेत झाकले जाते.

चाळीतील खोलीत फळ्यांचे पार्टिशन सरकवले, तर ट्रंका जागच्या जागी राहतात. वर्गात हा दाखला नेहमी दिला जातो, पण तो अपुरा आहे. येथे ट्रंकाही उचलाव्या लागतात आणि त्यांचे पत्तेही बदलावे लागतात. शिक्षकांनी आधी चौकटीच्या कागदावर दहा फायलींचा विभाग आखून हा खेळ करून घ्यावा, नंतर रिकाम्या पेन ड्राइव्हवर. शाळेच्या डिस्कला हात लावण्यापूर्वी मात्र गुणांची प्रत दुसरीकडे ठेवावी आणि ती उघडते का, हेही पाहावे.