पुरावा टेबलावर, संशय माणसावर

मर्डर मिस्ट्री वीकेंड या प्रकारात खुनाला फारसं महत्त्व नसतं. दोन दिवस तो खेळल्यावर माझं हे मत झालंय. खरी मजा असते संशय घेण्यात. आणि कुणावर घ्यायचा, हे आपण बरेचदा पुरावे बघायच्या आधीच ठरवून टाकलेलं असतं.

आधी खेळाविषयी. लोणावळ्याजवळचा भाड्याचा बंगला, बाहेर पाऊस, आम्ही दहा मित्रमैत्रिणी आणि खेळ घ्यायला आलेली दोन माणसं. प्रत्येकाला एक पाकीट मिळतं. त्यात तुमचं पात्र, त्याचं गुपित आणि खुनाच्या वेळी तुम्ही कुठे होता ते लिहिलेलं असतं. थेट विचारलं तर खरं सांगायचं. खोटं बोलायची मुभा फक्त खुन्याला. आमच्या गोष्टीत एक म्हातारे कारखानदार मेले होते. पुतण्या, दुसरी बायको, मुनीम, जुना भागीदार असे संशयित. मी डॉक्टर. दर दोनेक तासांनी एक पुरावा टेबलावर यायचा. रविवारी जेवणानंतर मतदान.

हा साचा मूळचा इंग्रजी. तिथल्या बड्या लोकांच्या गावाकडच्या घरी वीकेंडला पाहुणे जमायचे आणि असे खेळ चालायचे. नायो मार्श यांची १९३४ची पहिली कादंबरी ‘अ मॅन ले डेड’ अशाच एका घरात घडते. पाहुणे खुनाचा खेळ खेळतात आणि दिवे लागल्यावर खरंच प्रेत सापडतं. पुढे अँथनी प्रॅट या इंग्रज माणसाने हीच कल्पना पटावर आणली. १९४९ साली तो ‘क्लूडो’ म्हणून बाजारात आला.

पण क्लूडोत समोर बसलेला माणूस स्वभावाने कसा आहे याला काही किंमत नाही. ६ संशयित, ६ हत्यारं, ९ खोल्या, म्हणजे ३२४ शक्यता. एकेक खोडत जायचं. वीकेंडच्या खेळात खोडायला अशी यादी नसते. समोर असतात आपलेच मित्र, आणि त्यांच्याबद्दल आपल्याला बरंच काही आधीपासून माहीत असतं. इथेच गोची होते.

शनिवारी संध्याकाळी टेबलावर पुणे-लोणावळा लोकलचं एक तिकीट आलं, पुतण्याच्या रेनकोटच्या खिशात सापडलेलं. त्यावर छापलेली वेळ संध्याकाळची होती. पुतण्याचं म्हणणं होतं की तो खुनानंतर, मध्यरात्री, मुंबईहून गाडीने आला. एवढा सरळ पुरावा होता. मी तो दोनदा काढला. पुतण्या झालेला मित्र आमच्या ग्रुपचा जान. दोन्ही वेळा त्याने एकेक पीजे मारला, सगळे हसले, विषय संपला.

मुनीम झालेली मैत्रीण ग्रुपमध्ये नवी आणि मुळात कमी बोलणारी. तिच्यावर पहिला प्रश्न आला, ‘तू एवढी गप्प का?’ मग दुसरा, ‘पैशाची गरज तर तुलाच आहे ना, नोकरी सोडलीयेस!’ मुनीमाच्या कार्डावर नोकरी सोडल्याचं काहीच नव्हतं. नोकरी तिने स्वतः सोडली होती, मार्चमध्ये. ती कसनुसं हसली. नंतर विचारतील तेवढंच बोलायला लागली, आणि तिचं तेही संशयास्पद ठरलं. दहापैकी सात मतं तिला पडली.

गुप्तहेरकथेत हे का होत नाही? कारण तिथला शोध घेणारा माणूस बहुतेक वेळा बाहेरचा असतो. इंग्रजांच्या घरात वावरणारा पॉइरो बेल्जियन आहे. त्याला कुणाचे पीजे आवडत नाहीत आणि कुणाशी जुनी दोस्तीही नाही, म्हणून त्याला तिकीट दिसतं. आमच्या खेळात गुप्तहेर हे पात्रच काढून टाकलेलं. सगळेच संशयित, सगळेच न्यायाधीश. अशा ठिकाणी जो बाहेरचा, तो शोधणारा होत नाही. तो आरोपी होतो.

म्हणून मला हा खेळ ॲगाथा ख्रिस्तीपेक्षा विजय तेंडुलकरांच्या जास्त जवळचा वाटतो. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आलं. हौशी नाटकमंडळी एका गावात प्रयोगाला येतात आणि वेळ जावा म्हणून खोटा खटला खेळतात. बेणारेबाईंना आरोपी करतात. हळूहळू प्रश्न आरोपीच्या पात्राला विचारायचे थांबतात आणि खुद्द बेणारेबाईंना विचारले जायला लागतात. लग्नाशिवाय राहिलेला गर्भ, कुणाशी संबंध, सगळं बाहेर काढलं जातं. शेवटी हे सगळं खेळापुरतंच होतं असं म्हणून मंडळी प्रयोगाच्या तयारीला लागतात. आमच्या बंगल्यात त्या तोडीचं क्रौर्य नव्हतं, तुलना तेवढी ताणायची नाही. पण कार्डावरचा मुनीम सोडून मैत्रिणीच्या नोकरीवर येणं ही त्याच रस्त्यावरची पहिली पायरी आहे.

खेळ वाईट होता का? नाही. पात्रं नीट लिहिलेली होती, पुरावे प्रामाणिक होते, कुठे फसवाफसवी नव्हती. दोष शेवटात आहे. रविवारी खेळ घेणाऱ्याने दोन मिनिटांत उत्तर वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या, पुतण्याबरोबर सेल्फी निघाले. सात जणांनी मुनीमाला का निवडलं, हे विचारायची जागा संहितेत नव्हतीच. खुनी कोण ते कळलं. आपण संशय कसा घेतो, ही त्याहून मोठी मिस्ट्री तशीच राहिली.

कुणी बोलावलं तर मी परत जाईन. फक्त एक नियम वाढवावा. मताच्या चिठ्ठीवर नावाखाली पुरावा लिहायचा, आणि सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. किती चिठ्ठ्यांवर नुसतंच नाव असेल, ते मला बघायचंय.