करवीरनिवासिनी महालक्ष्मी : दैवतकथा, उपासना आणि उत्सव यांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांमध्ये कोल्हापूर, तुळजापूर व माहूर ही तीन पूर्ण पीठे आणि वणी हे अर्धे पीठ मानले जाते. त्यांपैकी कोल्हापूरच्या देवीला भाविक महालक्ष्मी म्हणतात आणि अंबाबाईही म्हणतात. ही देवी विष्णुपत्नी की आदिशक्ती, हा वाद अलीकडच्या काळात पुन्हा पुन्हा उफाळून आला आहे. २०१७ साली देवीस घागरा-चोली नेसविण्यावरून जे आंदोलन झाले, त्याच्या मुळाशीही देवीच्या स्वरूपाचा प्रश्न होता. वाद घालणारे दोन्ही पक्ष बहुधा कथांचा आधार घेतात. परंतु दैवताचे स्वरूप कथेइतकेच मूर्तीत, नित्योपासनेत आणि उत्सवातही साठविलेले असते. ही सर्व साधने एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यास काय हाती लागते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मूर्ती आणि नाम :

चतुर्भुज देवीच्या हातांत मातुलिंग म्हणजे म्हाळुंग, गदा, खेटक म्हणजे ढाल आणि पानपात्र आहे. मूर्तीमागे सिंह आहे. दुर्गासप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीची हीच चार लक्षणे येतात. तिच्या मस्तकावर नाग, लिंग व योनी असल्याचेही तेथे सांगितले आहे. त्या वर्णनातील महालक्ष्मी त्रिगुणात्मक आद्य शक्ती असून विष्णूला वरणारी लक्ष्मी तिच्यापासून पुढे निर्माण होते. मंदिरात देवीच्या दोन्ही बाजूंस महाकाली व महासरस्वती यांची स्थाने आहेत आणि गर्भगृहाच्या वरच्या मजल्यावर शिवलिंग आहे. ही रचना त्याच परंपरेशी जुळते.

महालक्ष्मी हे नावही अर्वाचीन नाही. शके ७९३ (इ. स. ८७१) च्या संजाण ताम्रपटात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाने लोकांवरील संकट टळावे म्हणून महालक्ष्मीला आपले बोट अर्पण केल्याचा उल्लेख आहे, अनेक अभ्यासक ही देवी कोल्हापूरचीच मानतात. कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःस ‘महालक्ष्मीलब्धवरप्रसाद’ म्हणवीत. म्हणजे ‘अंबाबाई म्हटले तर शक्ती आणि महालक्ष्मी म्हटले तर विष्णुपत्नी’ ही विभागणीच तपासून घ्यावी लागते. महालक्ष्मी आणि लक्ष्मी यांना एकच मानल्यामुळे ती निर्माण झालेली आहे.

रुसव्याच्या दोन कथा :

देवीविषयी लोकमानसात दोन कथा विशेष रूढ आहेत. पहिली वेंकटाचलमाहात्म्याच्या परंपरेतील आहे. भृगू ऋषीने विष्णूच्या वक्षःस्थळावर लाथ मारली आणि विष्णूने त्याचा सत्कार केला, म्हणून रुसलेली लक्ष्मी वैकुंठ सोडून करवीरास आली. नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून देवीसाठी शालू येण्याच्या प्रघाताशी भाविक ही कथा जोडतात.

दुसरी कथा करवीरमाहात्म्याच्या परंपरेतील आहे. देवीने कोल्हासुराचा वध केला आणि मरताना त्याने मागितलेल्या वराप्रमाणे क्षेत्राला त्याचे नाव मिळाले. कोल्हासुराचा पुत्र कामाक्ष याने देवांना मायेने शेळ्या-मेंढ्यांचे रूप दिले असता त्र्यंबुलीने त्याला मारून त्यांची सुटका केली. विजयाच्या सोहळ्यात मात्र तिलाच बोलावणे राहिले. ती रुसून शहराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली आणि महालक्ष्मी लवाजम्यासह तिची समजूत काढण्यास गेली.

दोन्ही कथांच्या केंद्रस्थानी रुसवा आहे, परंतु देवीचे स्थान अगदी उलट आहे. पहिलीत ती दुखावलेली पत्नी आहे. दुसरीत ती स्वतंत्र विजयिनी आहे आणि आपल्या हातून सहकारिणीची उपेक्षा झाली हे जाणून स्वतः तिच्या दारी जाते. सामर्थ्यवान दैवताने आपली चूक मान्य करणे, हा या कथेचा नैतिक गाभा आहे. प्रचारात अधिक असलेल्या पहिल्या कथेपुढे तो झाकोळून जातो.

उत्सवांची साक्ष :

या दोहोंपैकी उत्सवाने कोणती कथा उचलली? आश्विन शुद्ध पंचमीस म्हणजे ललिता पंचमीस देवीची पालखी त्र्यंबुलीच्या टेकडीवर जाते. तेथे गुरव घराण्यातील कुमारिकेच्या हस्ते कोल्हासुराचे प्रतीक असलेला कोहळा फोडला जातो आणि त्याचे तुकडे मिळविण्यासाठी भाविकांची झुंबड उडते. अष्टमीला देवीची महिषासुरमर्दिनी रूपात पूजा बांधली जाते व रात्री नगरप्रदक्षिणा निघते. एरवी आषाढातही पंचगंगेचे नवे पाणी वाजतगाजत नेऊन टेंबलाईच्या पायरीवर ओतले जाते. पीठाची सम्राज्ञी आणि टेकडीवरची लोकदेवता यांचे नाते या विधींमुळे दरवर्षी नव्याने जुळते. शालू बाहेरून येतो. टेकडीची वाट मात्र देवी स्वतः चालते.

किरणोत्सवाचे स्वरूप वेगळे आहे. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुडमंडपातून पश्चिमाभिमुख मूर्तीपर्यंत पोहोचतात. इतर उत्सव चांद्र तिथींवर असताना हा सौर दिनांकांवर येतो, कारण दोन्ही कालखंड दक्षिणायनाच्या अंतापासून सुमारे ४१-४२ दिवसांच्या सारख्याच अंतरावर आहेत आणि त्या वेळी सूर्य क्षितिजावर जवळजवळ त्याच ठिकाणी मावळतो. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी वक्ष आणि तिसऱ्या दिवशी मुख असा क्रम दोन्ही वेळी सांगितला जातो. वास्तविक नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे आणि फेब्रुवारीत उत्तरेकडे सरकत असतो. त्यामुळे हा क्रम पूजेच्या चरणापासून मुखाकडे जाणाऱ्या दृष्टीशी अधिक जवळचा वाटतो. महाद्वार मार्गावरील उंच बांधकामे आणि हवेतील धूलिकण किरणांची वाट अडवितात, ही या उत्सवासमोरील प्रत्यक्ष अडचण आहे.

समारोप :

वैष्णव संस्कार या क्षेत्रात नाहीत असे म्हणणे योग्य होणार नाही. गरुडमंडपाचे नावच त्यांची साक्ष देते. तिरुपतीच्या शालूमागील श्रद्धाही अव्हेरण्याचे कारण नाही. तथापि मूर्तीची लक्षणे, परिवारदेवतांची मांडणी आणि नवरात्रातील मुख्य विधी स्वतंत्र आदिशक्तीकडेच निर्देश करतात. २०१५ मध्ये झालेल्या मूर्तीच्या रासायनिक संवर्धनानंतर मस्तकावरील नागाचे चिन्ह वादाचा विषय झाले. मूर्तीवरील एखादे लक्षण पुसट झाले तर दैवताच्या ओळखीचा एक पुरावाच पुसट होतो, हे त्या वादाने दाखवून दिले. म्हणून संवर्धन, वेशभूषा वा नामफलक यांविषयीचे निर्णय लोकप्रिय कथेवर न सोपविता मूर्ती, ग्रंथ आणि उत्सव यांच्या एकत्रित साक्षीवर आधारणे आवश्यक ठरते.