राजाबाई मनोऱ्याचे घड्याळ : एका आख्यायिकेची चिकित्सा

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याविषयी जे लेखन झाले आहे, त्यात वास्तूचे वर्णन विपुल आणि घड्याळाचा विचार अल्प, असे आढळते. गिल्बर्ट स्कॉट यांचा गॉथिक आराखडा, २८० फूट उंची, प्रेमचंद रायचंद यांची देणगी, १८७८ मधील पूर्तता हे तपशील पुनःपुन्हा येतात. घड्याळाच्या वाट्याला मात्र ते लंडनच्या लुंड अँड ब्लॉकली यांचे, एवढेच वाक्य येते आणि पाठोपाठ ती सुप्रसिद्ध आख्यायिका. प्रेमचंदांच्या मातोश्री राजाबाई दृष्टिहीन व धर्मनिष्ठ जैन होत्या. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याची वेळ त्यांना घंटानादावरून कळावी, हा मनोऱ्याचा हेतू होता, असे सांगतात.

आख्यायिका हृद्य आहे, परंतु कालगणनेच्या कसोटीवर ती जशीच्या तशी उतरत नाही. मुंबईचा सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीस आजच्या प्रमाणवेळेने सहाच्या सुमारास, तर जुलैच्या आरंभी सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास होतो. घटिकापात्राची मोजणी सूर्योदयापासून चाले. इंग्रजी घड्याळाला सूर्य ठाऊकच नाही. त्याचा दिवस गणिताने काढलेल्या सरासरीचा असून खऱ्या सूर्याशी त्याचा मेळ वर्षातून चारच वेळा बसतो. नोव्हेंबरच्या आरंभी हे अंतर सोळा मिनिटांवर जाते. तेव्हा घंटा ऐकून भोजनास बसावयाचे, तर घरात कोणीतरी पंचांग पाहून त्या दिवसाचा सूर्यास्त सांगणे आवश्यकच होते. आख्यायिका या पंचांगाचा उल्लेख करीत नाही, हे लक्षणीय आहे.

इंग्रज कारागिरीच्या स्तुतीतही असाच एकांगीपणा दिसतो. ग्रॅहमचा पाऱ्याचा लंबक आणि हॅरिसनचा पितळ-पोलादाच्या दांड्यांचा लंबक ही अठराव्या शतकातील थोर कामे होत, यात शंका नाही. उष्णतेने साधा पोलादी लंबक लांबतो व तपमानातील दहा सेल्सिअस अंशांच्या वाढीमागे घड्याळ दिवसाला सुमारे पाच सेकंद मागे पडते; हा दोष त्यांनी निवारला. परंतु मुंबईचा प्रश्न मुळात निराळा आहे. विषुववृत्ताकडे जाताना गुरुत्वाकर्षण क्षीण होत जाते. १६७२ साली रिशे या फ्रेंच ज्योतिर्विदाला केयेन येथे आपले घड्याळ रोज अडीच मिनिटे मागे पडताना आढळले होते. त्याच न्यायाने लंडनमध्ये अचूक लावलेला लंबक मुंबईत दिवसाला जवळजवळ दोन मिनिटे मागे राहील. सेकंदाचा लंबक असेल, तर तो सुमारे अडीच मिलिमीटर आखूड करावा लागेल. म्हणजे लंडनची अचूकता गलबतातून जशीच्या तशी उतरवून घेता येत नाही. यंत्र ज्या जागी चालावयाचे, तेथेच ते पुन्हा लावावे लागते. त्यात पावसाळ्याची दमट, खारी हवा. ज्यांनी ही यंत्रे चालती ठेवली, त्या येथील घड्याळजींची नावे मनोऱ्याच्या वर्णनांत सहसा सापडत नाहीत. घंटांवर वाजणाऱ्या इंग्रजी सुरावटींची यादी मात्र बहुतेकांना पाठ असते.

शिवाय लंबक कितीही नेमका असला, तरी काटे कोणत्या रेखावृत्ताचे मानावयाचे हे तो ठरवीत नाही. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मुंबई इलाख्यावर मद्रासची वेळ लादली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा तीस मिनिटांनी पुढे होती. नागरिकांच्या विरोधामुळे १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. ती एकोणचाळीस मिनिटांनी पुढे होती. तरीही शहराच्या व्यवहारात मुंबईची जुनी वेळ पुढे कित्येक दशके तग धरून राहिली.