इन्सुलिन उतरलं म्हणून चरबी घटली? ‘दीक्षित डाएट’मागचा युक्तिवाद तपासताना

पेट झाली, कोर्सवर्क सुरू झालं की पहिली अडचण हीच येते: एखाद्या दाव्याचं परीक्षण करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? सरावासाठी आपल्या घराघरांत पोहोचलेला एक दावा घेऊ. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून आलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर नेलेली ही पद्धत: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, ४५ मिनिटं चाला.

त्यामागचा युक्तिवाद थोडक्यात असा. खाल्लं की इन्सुलिन स्रवतं. इन्सुलिन चढलेलं असताना साठलेली चरबी वापरली जात नाही. म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, चरबी आपोआप घटेल. ऐकायला सरळ वाटतं, पण यात तीन पायऱ्या आहेत आणि तिन्हींचा पुरावा सारखा भक्कम नाही.

पहिली पायरी: इन्सुलिन चरबीचं विघटन रोखतं का? हो, नक्की. मेदपेशीत चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात असते. उपाशीपोटी किंवा व्यायामात अ‍ॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरकं पेशीतलं सायक्लिक एएमपी वाढवतात आणि विघटन सुरू होतं. एटीजीएल हे एन्झाइम पहिलं मेदाम्ल सोडवतं, हॉर्मोन सेन्सिटिव्ह लायपेज दुसरं, आणि शेवटी ग्लिसरॉल सुटं होतं. इन्सुलिन सायक्लिक एएमपी कमी करून हे थांबवतं. टाइप १ मधुमेहात इन्सुलिनच मिळालं नाही तर मेदाम्लांचा लोंढा यकृताकडे जातो आणि रक्तात कीटोन साचतात, हा त्याचा रोखठोक पुरावा. मात्र इन्सुलिन हे दिव्याचं बटण नाही. चार शेंगदाण्यांनी आणि पोटभर जेवणानं सारखंच इन्सुलिन येत नाही. काय खाल्लं, किती खाल्लं यावर ते ठरतं. नुसत्या ‘वेळा’ मोजल्या की हे निसटतं.

दुसरी पायरी: चरबी सुटली म्हणजे जळली का? इथे घाई होते. सुटलेली मेदाम्लं अल्ब्युमिनवर बसून रक्तातून फिरतात. स्नायूंना, हृदयाला ऊर्जा हवी असेल तर ती पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात जाऊन जळतात. मागणी नसेल तर बरीचशी यकृतात किंवा पुन्हा मेदपेशीतच ट्रायग्लिसराइड होऊन बसतात. म्हणून या पद्धतीतला ४५ मिनिटं चालण्याचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. गंमत म्हणजे लोकांच्या बोलण्यात ५५ मिनिटं राहतात, ४५ विसरली जातात.

तिसरी पायरी: आज जास्त जळली म्हणजे महिनाअखेर साठा घटला का? आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. टाकीतली पातळी नळ किती वेळा आला यावर ठरते का? नाही. एकूण किती भरलं आणि किती वापरलं यावर ठरते. चरबीचंही तसंच. दोन जेवणांत तेवढ्याच कॅलरी घेतल्या तर जेवणानंतर साठवण जास्त होते, मधल्या काळात विघटन जास्त होतं. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा.

याची चाचणी झाली आहे का? २०१५ मध्ये केव्हिन हॉल यांच्या गटानं अमेरिकेत १९ स्थूल व्यक्तींच्या आहारात ३० टक्के कॅलरी कमी केल्या. एकदा कर्बोदकांतून, एकदा स्निग्धांशातून. कर्बोदकं कमी केल्यावर इन्सुलिनचा स्राव २२ टक्के उतरला. तरी चरबी घटली दिवसाला ५३ ग्रॅम. स्निग्धांश कमी केला तेव्हा घट ८९ ग्रॅम. म्हणजे इन्सुलिन जिथे जास्त उतरलं तिथे चरबी कमी घटली. पण थांबा, लगेच टाळ्या नकोत. प्रत्येक आहार फक्त ६ दिवसांचा होता, आकडे हिशेबानं काढलेले होते आणि प्रश्न जेवणाच्या वेळांचा नव्हताच.

वेळांचा प्रश्न २०१४ मध्ये प्राग इथल्या एका अभ्यासानं घेतला. टाइप २ मधुमेहाचे ५४ रुग्ण, कॅलरी तेवढ्याच, १२ आठवडे दोन मोठी जेवणं आणि १२ आठवडे सहा छोटी. दोन जेवणांत वजन सरासरी ३.७ किलो घटलं, सहांत २.३. हा निकाल दीक्षित पद्धतीच्या बाजूचा आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडलाच पाहिजे. फक्त तिथे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण होतं, रात्रीचं नव्हतं. आणि कॅलरी दोन्ही वेळा कमीच केल्या होत्या.

माझं मत असं: पद्धत अनेकांना लागू पडत असेल, पण त्यावरून तिचं दिलेलं कारण सिद्ध होत नाही. मधलं चहा-बिस्कीट, फरसाण सुटलं की कॅलरीही कमी होतात. श्रेय मात्र एकट्या इन्सुलिनला जातं. हा नुसता पंडिती वाद नाही. ‘वेळा महत्त्वाच्या, प्रमाण नाही’ असं समजून कोणी दोन्ही जेवणं दुप्पट करतो. साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा कोणी डॉक्टरांना न विचारता जेवण गाळतो आणि साखर धोकादायक खाली जाते. कारण चुकीचं समजलं की वापर चुकतो.

तुमच्या सिनॉप्सिसमध्येही ‘अमुकमुळे तमुक होतं’ असे बाण असतील. प्रत्येक बाणाशेजारी तीन गोष्टी लिहा: कोणी मोजलं, कुणात मोजलं, किती दिवस मोजलं. जिथे जागा रिकामी राहील, तिथूनच तुमचं काम सुरू होतं.